हणमंतरावांचं लॉन कोणी उपटलं?

१

खून पडला असता तरी आमच्या कॉलनीत एवढा आरडाओरडा झाला नसता. रविवारी सकाळी मी गालाला साबण लावून आरशापुढं उभा होतो, तेवढ्यात खालून हणमंतरावांचा आवाज आला, "सर! ओ सर! वाटोळं झालं, खाली या!"

मी तसाच धावलो. कॉलनीचा सेक्रेटरी असण्याचा हा फायदा. कोणाचंही वाटोळं झालं की पहिलं बोलावणं आपल्याला.

मुखेडच्या एका टोकाला आमची ही नवी कॉलनी, आणि मधोमध एक मोकळी जागा. पोरं तिथं झुडपांतून वाट काढून क्रिकेट खेळायची. हणमंतराव पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, कॉलनीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी मनावर घेतलं की इथं लॉन पाहिजे, पुण्यात असतं तसं. नांदेडच्या नर्सरीतून चटईसारख्या गुंडाळ्या करून गवत आलं. नर्सरीवाल्यानं नाव सांगितलं, बर्म्युडा. ते ऐकूनच हणमंतरावांची छाती फुगली. खाली अंथरायला कोणाच्या तरी शेतातली काळी माती ट्रॉलीनं आणली. अर्धी जागा हिरवीगार झाली, भोवती तारेचं कुंपण आलं, आणि एक फाटक.

पोरांशी मात्र रीतसर करार झाला होता. गवत मूळ धरेपर्यंत एकाही पोरानं कुंपणात पाय टाकायचा नाही. शब्द पाळला तर उरलेली अर्धी जागा कायमची त्यांची. मोडला तर तीही बंद, सगळ्या जागेला कुलूप. पोरांच्या वतीनं शब्द दिला होता सहावीतल्या ऋतुजानं. शाळा सुटली की ही पोरगी गळ्यात शिट्टी अडकवून कुंपणापाशी पहारा द्यायची. तिला पक्कं ठाऊक होतं, की ही जागा गेली तर खेळायला उरतो फक्त समोरचा डांबरी रस्ता. मागच्या उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर तिच्या मैत्रिणीचा, कहकशांचा पाय मोटारसायकलखाली आला होता.

"बघा," हणमंतराव म्हणाले.

पंपघराच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं रस्त्यावरून नजर पोचत नाही, तिथं खाटेएवढा पट्टा उघडा पडला होता. बर्म्युडा गायब. नुसती काळी माती, आणि त्या ओल्या मातीत एक छोटंसं अनवाणी पाऊल.

"अजून काय पुरावा पाहिजे? लेकराचं पाऊल हाय हे. संध्याकाळी मीटिंग बोलवा सर. कुलूप लावून टाकू."

कुंपणाबाहेर ऋतुजा उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. "काका, आमच्यातलं कुणी आत गेलं न्हाई. शप्पथ."

"मग हे पाऊल काय आभाळातनं पडलं?"

"थांबा भाऊ," माझ्या पाठीमागून आवाज आला. "तिकीट बघितल्याबिगर मी कुणाला गाडीतनं उतरवीत न्हाई."

२

ही माझी बायको, दीपमाला. एसटीत कंडक्टर आहे. मुखेड–जळकोट गाडीवर तिची निम्मी नोकरी गेली. मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणाऱ्या आया आणि पास घरी विसरलेले पुढारी तिनं इतके पाहिलेत, की समोरच्याचा चेहरा तिला पाटीसारखा वाचता येतो. मी तिच्याशी खोटं बोलणं लग्नानंतर लगेचच सोडून दिलं.

साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता तिचा. पदर खोचून ती त्या उघड्या पट्ट्यापाशी उकिडवी बसली.

"भाऊ, शेवटचं चांगलं कधी बघितलं होतं?"

"शुक्रवारी सकाळी. मग मी आन् सौभाग्यवती लातूरला गेलो, पुतणीचा साखरपुडा होता. आईचे गुडघे दुखतात, तिला घरीच ठेवलं. काल रात्री आलो. पाणी मारायचं काम सरांकडं दिलं होतं." हणमंतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी फाटकात उभा राहूनच नळी धरली होती. पंपघराच्या मागं डोकावायचा त्रास काही घेतला नव्हता. मी गालावरचा साबण पुसायला लागलो.

"पोरं आत शिरली म्हणता, तर आजूबाजूचं गवत कसं उभं हाय? कुठं तुडवलेलं दिसत न्हाई." दीपमालानं मातीवर तळहात ठेवला. "आन् हे बघा, माती हातानं सारखी केलेली हाय. पट्टा कसा सरळ सुटलाय, दोरी धरल्यागत."

"पोरं लई हुशार असतात आजकाल."

"आन् हे काय?"

उघड्या पट्ट्याच्या मधोमध तुरीचं एक कोवळं रोप उभं होतं. आणलेल्या मातीतून बी आलं असावं. सगळं गवत गेलं होतं आणि हे एवढंसं रोप जागच्या जागी होतं. त्याच्या बुडाशी मातीची छोटी भरही घातलेली होती.

दीपमाला मग त्या पावलावर वाकली. मीही पाहिलं. पाऊल लहानच होतं. बोटांपाशी खोल रुतलेलं, आणि टाचेत आडव्यातिडव्या बारीक रेघा.

"आता मला एवढंच सांगा," ती उठत म्हणाली. "खाटभर गवत निघालं. मग ते गेलं कुठं? हितं एक काडी पडलेली न्हाई. पोरं नासधूस करतात भाऊ, पण नासधूस करून कधी केर काढून जातात का?"

हणमंतरावांनी वाकून मातीत एखादी काडी सापडते का बघितलं. पण अध्यक्ष ते अध्यक्ष. "संध्याकाळपर्यंत दुसरा कुणी सापडला तर ठीक," ते म्हणाले. "न्हाईतर कुलूप."

३

दुसरं कोणी म्हटलं की आधी आठवल्या नीलम्मा. शेजारच्याच बंगल्यातल्या, देगलूरकडच्या. गणपतीच्या परमभक्त. आदल्याच दिवशी संकष्टी होती. मी दीपमालाच्या कानात म्हणालो, "दूर्वा!"

"चला बघू," ती म्हणाली.

नीलम्मांच्या देवघरात गणपतीच्या डोक्यावर हिरवीगार जुडी होती. मला वाटलं, संपलं, चोर सापडला. पण दीपमालानं चोरीबिरीचं नावच काढलं नाही. "अक्का, दूर्वा लई ताजी मिळाली तुम्हाला."

"तळ्याकाठची हाय गं." मग त्यांनी डोळे बारीक केले. "अय्यो, लॉनावरनं आलीस होय तू? खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं माझ्या. दिसायला अगदी तशीच हाय ती. पण हणमंतरावाचं तोंड आठवलं आन् तळ्यावर गेले."

"तुम्ही उपटली असं म्हणत न्हाई मी."

"उपटायची? दूर्वा खुडतात. तीन पानांचा कोवळा शेंडा घ्यायचा, बस. मुळासकट मातीचा गोळा कुणी देवाच्या डोक्यावर ठेवतं का?" त्यांनी जुडी काढून दाखवली. नुसते शेंडे. एकालाही मूळ नव्हतं.

मग राहिली सालेहाची शेळी. सालेहा कोपऱ्यावरच्या घरात ब्लाऊज शिवते, कहकशांची आई ती. आम्हाला पाहून तिनं मशीन थांबवली. काय झालंय ते तिला आधीच कळलं होतं. आमच्या कॉलनीत बातमी चहाच्या आधी पोचते.

"वैनी, शेळी दावणीलाच हाय. तरी बी समजा सुटली. शेळी वरचं वरचं खाती. मूळ कुठं काढती ती? आन् लेंड्या टाकल्याबिगर शेळी एक पाऊल तरी चालती का?"

दीपमाला हसली. "मला बी तसंच वाटलं होतं. पण सरांचं समाधान झालं पाहिजे ना."

सालेहा मात्र हसली नाही. आतल्या खोलीत कहकशां खिडकीला टेकून बाहेर बघत होती. "पोरीचा पाय आत्ता कुठं बरा झालाय. ते कुलूप लागलं तर ही पोरं परत रस्त्यावर जाणार. मी हिला घरात किती दिवस कोंडून ठेवू, सांगा? कायतरी करा वैनी."

तिथून निघताना दीपमाला बोटांवर काहीतरी मोजत होती. ती असं मोजायला लागली की मला धास्ती वाटते.

"कोण उरलं आता?" मी विचारलं.

"ज्यांना कुणी काही विचारलंच न्हाई, ती उरली," ती म्हणाली.

४

पंपघराच्या बरोबर समोर हणमंतरावांचं घर, आणि घराच्या ओट्यावर दिवसभर बसलेल्या असतात त्यांच्या आई, साखराबाई. जळकोटजवळच्या खेड्यातून हणमंतरावांनी त्यांना नुकतंच इकडं आणलं होतं. सारा जन्म रानात गेलेली बाई. ओट्यावर बसून त्या गोडेतेलानं हाताची बोटं चोळत होत्या.

"आजी, करमतंय का हितं?" दीपमाला त्यांच्या पायाशी बसली.

"कशाचं करमतंय माय. दिस उगवतोय आन् मावळतोय. सून गुणाची हाय, पर भांड्याला बी हात लावू देत न्हाई. लेक म्हनतोय, आई तू नुसती बस. बसून बसून मानूस मरंल की!"

"पोरं त्रास देतात का तुम्हाला? आत शिरतात का त्या कुंपणात?"

"छ्या! पोरं लई गुणाची हायत. म्या बघते ना हितनं. चेंडू गेला तरी पाय टाकीत न्हाईत. ती शिट्टीवाली तर फौजदार हाय निस्ती." साखराबाई बोळक्या तोंडानं हसल्या. "हणमा कशापायी वरडत हुता सकाळी? मला कुणी सांगतच न्हाई कायी."

घरातून हणमंतरावांचा आवाज आला, "आई, तू आराम कर! तुझ्या डोक्याला कशाला ताप!"

साखराबाई दचकून परत बोटं चोळायला लागल्या. दीपमाला त्यांच्या पावलांकडं बघत होती. मग ती एकदम उठली आणि मला म्हणाली, "चला, पंपघर बघायचं राहिलंय."

आमचं पंपघर बुटकं आहे, त्याचा स्लॅब माझ्या डोक्याच्या जेमतेम वर. पुढच्या बाजूला पाण्याची काळी टाकी असल्यामुळं वर काय आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. मागच्या दोन-तीन पायऱ्या चढून मी वर डोकावलो आणि तसाच थांबलो.

हरवलेलं गवत तिथं होतं. सगळंच्या सगळं. मूठमूठभर पेंड्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीची माती झटकलेली, आणि मुळं वर उन्हाकडं केलेली. हणमंतरावांची बर्म्युडा तिथं पापडासारखी वाळत पडली होती.

५

"चोरायचं आन् वाळत घालायचं?" मी म्हणालो. "कोण वेडा आहे हा?"

दीपमाला पायरीवर बसून हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो, तुम्ही शेतकऱ्याचे लेक ना? बघा की नीट. कसलं गवत हाय हे?"

"बर्म्युडा."

"नांदेडात बर्म्युडा. आपल्या रानात ह्याला हरळी म्हणतात!"

मी एक काडी उचलली. पेराला पेर फुटलेलं, प्रत्येक पेराला मूळ. लहानपणी माझा बाप याच गवताला शिव्या देत देत मरणाचे कष्ट करायचा. शेतकऱ्याचा सगळ्यात जुना वैरी. त्याच्यासाठी आम्ही वर्गणी काढून कुंपण घातलं होतं!

"आता ऐका," दीपमाला म्हणाली. "पोरं तुडवतील, पण मुळं शोधून काढणार न्हाईत. शेळी मूळ सोडती, नीलम्मा शेंडा खुडतात. म्हणजे मूळच काढायला कुणीतरी बसलं होतं. पट्टा सरळ, कारण खुरपायला बसलेली बाई आपली पात, म्हणजे आपली ओळ, धरून पुढं सरकती, इकडंतिकडं उड्या मारीत न्हाई. तुरीचं रोप ठेवलं आन् त्याला भर घातली. पीक ठेवायचं, तण काढायचं, हे हातालाच कळतं तिच्या. आन् काढलेली हरळी खाली टाकली तर परत मूळ धरती, म्हणून उन्हात खडकावर उलथी टाकतात. हितं खडक न्हाई, स्लॅब हाय."

"आणि पाऊल?"

"बोटांवर रुतलेलं, म्हणजे उकिडवं बसलेल्या माणसाचं. टाचेतल्या रेघा म्हणजे भेगा. लेकराच्या टाचेला भेगा असतात का? आत्ता ओट्यावर बघून आले मी. म्हातारी वाळून लेकराएवढी झालीय, पाऊल बी तेवढंच."

"अगं, पण ऋतुजा म्हणते, कोणी आत गेलं नाही!"

"तिलाच विचारू."

ऋतुजा कुंपणापाशीच होती. दीपमालानं विचारलं, "बाळा, पोरगं एकही गेलं न्हाई, खरंय. पण मोठं माणूस?"

ऋतुजा गोंधळली. "मोठी माणसं जातात की, काकू. हणमंतकाका जातात. काल शाळेतनं आले तेव्हा आजी आत होत्या, खुरपं घेऊन. पण मोठ्यांना कशाला शिट्टी मारायची? करार तर पोरांचा होता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कळसा अध्यक्षांच्याच काखेत निघाला होता. आता तो त्यांना दाखवायचा कोणी?

६

दीपमालानं हणमंतरावांना घरातच गाठलं. सोबत मी. तिनं सगळं हळू आवाजात सांगितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. शाळेसाठी लहानपणीच लातूरला वसतिगृहात गेलेला माणूस. त्यांच्या हातानं कधी हरळी उपटली गेलीच नव्हती, मग ओळखणार कुठून?

"ताई," ते म्हणाले, "हे आपल्यातच राहू द्या. मी मीटिंगमध्ये सांगतो, पोरांना माफ केलं. जागा उघडी राहील. मग तर झालं?"

"माफ कशाबद्दल, भाऊ? त्यांनी शब्द पाळलाय."

तेवढ्यात दाराआडून साखराबाई पुढं आल्या. हातात गावाकडून आणलेलं खुरपं होतं. "हरळीचं म्हनताय व्हय? म्याच काढली की! लेकाच्या रानात शिरली हुती. म्हनलं, हा गावाला गेलाय तवर एक पात काढून टाकावं. आजून लई राहिलीय रं हणमा."

हणमंतराव म्हणाले, "आई, ती मुद्दाम लावली होती. इकत आणून."

"हरळी? इकत?" म्हातारी आधी हसली. मग लेकाच्या चेहऱ्याकडं बघून तिचं हसू विझलं. "म्हंजी सकाळी तू... त्या लेकरांला माझ्यापायी वरडत हुतास?" तिनं खुरपं खाली ठेवलं. "मला गावाकडं सोड बाबा. हितं मला कायी कळंना झालंय."

हणमंतराव उठले आणि आईजवळ खाली फरशीवर बसले. "तुला कळत न्हाई असं न्हाई, आई. तुला मी कधी सांगितलंच न्हाई," ते म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

संध्याकाळी सगळी कॉलनी कुंपणाभोवती जमली. पोरं एका बाजूला घोळका करून, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखी. अध्यक्ष काय बोलतात याची मलाच धाकधूक लागली होती. ते आईचा हात धरून पुढं आले.

"गवत माझ्या आईनं काढलं. तण समजून. पोरांचा काही दोष नव्हता आन् मी चौकशी न करता त्यांच्यावर आळ घेतला. ऋतुजा बेटा, चुकलं माझं. कुलूप न्हाई, काही न्हाई. ती उरलेली बाजू आजपासून तुमची, गवत मूळ धरायची वाट न बघता."

जो गलका उठला तो थेट बाजारपेठेपर्यंत गेला असेल. सालेहानं कहकशांला छातीशी धरलं. नीलम्मांनी गणपतीला हात जोडले. ऋतुजा तेवढी हलली नाही. ती तिथंच बसली आणि गुडघ्यात तोंड घालून रडायला लागली. दिवसभर दाबून धरलेलं सगळं आता बाहेर पडत होतं. दीपमाला तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

"आन् रडू नगा रं," साखराबाई म्हणाल्या. "हरळी मरती व्हय कधी? बोटभर मुळी राहिली तरी समदं वावर खाती. दिवाळीच्या आत बघा, हुतं तसं हुतंय."

ऋतुजानं नाक पुसलं. "आजी, तुम्ही गावाला जाणार?"

म्हातारीनं लेकाकडं पाहिलं.

"जाऊ नका. आमच्या बाजूला काँग्रेस गवत लई माजलंय. आमचा बॉलच सापडत न्हाई त्यात. ते खरंच काढायचंय. आम्हाला येत न्हाई काढता."

साखराबाईंनी कपाळावर हात धरून तिकडं पाहिलं. रानाकडं बघावं तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "हे एकटीच्यानं व्हायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्या उजाडताच या समदे. शाळंच्या आधी एक पात निघंल. हाताला कायतरी बांधून या, खाज सुटती त्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपमाला ड्युटीवर निघाली, तिला सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. पोरं ओळीनं बसली होती, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. मधे साखराबाई, सगळ्यांच्या पुढं. आणि सगळ्यात मागं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, घामानं निथळत हणमंतराव. उकिडवं बसायची सवय नसल्यानं दर दोन झुडपांमागे ते बुडावर पडत होते आणि पोरं खिदळत होती.

साखराबाईंनी वळून लेकाची पात न्याहाळली.

"हणमा, निस्ता शेंडा तोडलायस. मागं फीर. मुळासकट काढ."

"हो आई," अध्यक्ष म्हणाले, आणि मागं फिरले.